पटावरची पोरं, पदावरची माणसं

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगांमध्ये आमची वाडी आहे. तीनशेच्या आसपास वस्ती, चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा आणि शाळेच्याच आवारात एका खोलीची अंगणवाडी. मी या वाडीची सून. आले तेव्हा इथं मिनी अंगणवाडी होती. पुढं तिची सेविका झाले. आता ती पूर्ण अंगणवाडी झाली, तरी खुर्ची तीच आणि बसणारीही मीच.

सुपरवायझर बाई आल्या की दोन गोष्टी हमखास विचारतात. मुलं किती? माणसं किती? कागदावर हे दोन वेगळे रकाने आहेत. प्रत्यक्षात छोट्या अंगणवाडीत ते एकमेकांत अडकलेले असतात. पट कमी म्हणून माणूस मिळत नाही, माणूस नाही म्हणून पट वाढत नाही. या तिढ्यात वर्षं काढताना जे उमगलं, ते नव्यानं लागलेल्या सेविकांसाठी लिहिते आहे.

१. माणसं मोजू नका, पाळणे मोजा

सरकारचा निकष लोकसंख्येवर चालतो. ग्रामीण भागात ४०० ते ८०० वस्तीला एक अंगणवाडी आणि १५० ते ४०० वस्तीला मिनी. आदिवासी भागात पूर्ण अंगणवाडीची मर्यादा ३०० पासून सुरू होते. आमची वाडी तीनशेची, म्हणून वाट्याला मिनी आली. मिनी म्हणजे एकटी सेविका. मदतनीस नाही आणि मानधनही कमी. काम मात्र मोठ्या गावातल्या अंगणवाडीला असतं तेच. पूरक आहार, शाळेआधीचं शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी पोर दवाखान्यापर्यंत पोचवणं आणि आयांना आहार-आरोग्याची माहिती देणं. १९७५ साली २ ऑक्टोबरला ही योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हापासून या सहा सेवा आहेत.

पण वस्तीच्या आकड्यावरून पोरांचा आकडा कळत नाही. शेजारची वाडी आमच्यापेक्षा मोठी आहे, पण निम्मी घरं पुण्याकडं गेलेली आणि मागं म्हातारीकोतारी. आमच्याकडं तरण्या जोड्या राहिल्या, म्हणून तीनशेतही सहा वर्षांखालची पंचवीसेक पोरं निघतात.

१३ डिसेंबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एखाद्या वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं असतील आणि लोकांनी मागणी केली, तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. हे प्रत्येक सेविकेला तोंडपाठ हवं. एका वाडीत चाळीस भरत नसतील, पण दोन-तीन लगतच्या वस्त्या मिळून भरतात का, ते बघावं.

आणि पुढचा पट आजच दिसतो. सर्वेक्षणाच्या रजिस्टरात यंदा चार जन्म लिहिले असतील, तर तीन वर्षांनी त्या वयाची चारच पोरं मिळणार, पाचवं कुठून येणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला. म्हणजे बाईमागं दोन पोरंही नाहीत. पट उतरला की आधी सेविकेकडं बोट दाखवतात. तेव्हा जन्मांचं पान उघडून समोर ठेवायचं.

२. तीन वर्षांच्या पोराची भरती त्याच्या जन्माआधी होते

जूनमध्ये दारोदार फिरून "पोरगं पाठवा" म्हणणाऱ्या सेविकेच्या हाती फार काही लागत नाही. जिच्याकडं गरोदरपणात चार वेळा गेलात, बाळंतपणानंतर अंगावर पाजताना अडचण आली तेव्हा शेजारी बसलात, डोस दिल्यावर ताप आला तर पाणपट्टी कशी ठेवायची ते दाखवलंत, ती बाई पोर तीन वर्षांचं झालं की स्वतः घेऊन येते. तिला तुमचा भरवसा आधीच असतो.

यात एक खोच आहे. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सून सातव्या महिन्यात जाते आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर येते. त्या काळात ती माहेरच्या अंगणवाडीत नोंदलेली असते, किंवा कुठंच नसते. परत आली की नोंद इकडं वळवून घेणं राहून जातं. मग घरपोच आहार तिकडं दिसतो, बाळ इकडं असतं आणि वजन कुठंच होत नाही. सुनेची गाडी वाडीत आल्याची खबर मला आता आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्तीच्या आधी लागते, कारण मी सासवांशी बोलणं ठेवलं आहे. सुनेपेक्षा सासूशी ओळख कामाला येते. अंगणवाडीत पाठवायचं की नाही, हे बऱ्याच घरांत तीच ठरवते.

३. नोंदलेली, आलेली आणि जेवलेली

पटावर बारा, हजर आठ, जेवायला दहा. हे गणित चुकलेलं नाही. दोघं जण फक्त जेवणाच्या वेळेला डबा घेऊन येतात, मोठ्या बहिणीबरोबर. हे तीन आकडे वेगवेगळे लिहायची सवय लावून घ्या. तिन्ही ठिकाणी बारा लिहिण्याचा मोह मोठा असतो, कारण पट घसरला तर पद जाईल ही भीती असते. पण खोटा पट लिहिला की खरी अडचण दिसायचीच बंद होते. चार पोरं का येत नाहीत, हा प्रश्न मग कुणी विचारत नाही.

मार्च २०२१ पासून सगळं पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवर आलं. जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा मोबाइलवर जुळवावा लागतो. हेतू चांगला आहे, चुकीच्या माणसाकडं आहार जाऊ नये हा. वाडीत ते कसं चालतं तेही सांगते. रेंज शाळेमागच्या टेकाडावर मिळते. तिथं बाळंतीण बाळाला घेऊन उभी. आधार पडताळणीचा ओटीपी जातो तिच्या नवऱ्याच्या नंबरवर, आणि नवरा चाकणला कंपनीत पाळीवर, मोबाइल लॉकरमध्ये. तो जेवणाच्या सुट्टीत फोन उचलणार, आकडा सांगणार, तोवर इकडं वेळ संपलेली. पुन्हा पहिल्यापासून. ओटीपी मिळाला तर फोटोत डोक्यावरच्या पदराची सावली चेहऱ्यावर पडते. "पदर मागं घे गं" म्हणावं, तर समोरून चुलतसासरे चाललेले.

यावर उपाय साधे आहेत. पाळी बघून नवऱ्याला आदल्या रात्री सांगून ठेवायचं. पडताळणी सकाळी कोवळ्या उन्हात करायची. बाईचा स्वतःचा मोबाइल असेल, तर आधारला तोच नंबर जोडून घ्यायला लावायचं. आणि बाळाचं आधार नाही म्हणून कुणालाही परत पाठवायचं नाही. आईच्या आधारवर नोंद होते.

४. दसऱ्यानंतरचा पट वेगळा

आमच्या भागाचं वर्ष ऊसतोडीवर चालतं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टर, ट्रका वाडीत येतात. भांडी, अंथरुणं, कोंबड्या आणि पोरं वर चढतात, आणि टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं निघतात. नवरा-बायकोचा एक कोयता धरतात, म्हणून आई मागं राहूच शकत नाही. पोर लहान असेल तर तेही फडात. सप्टेंबरात बारा असलेला पट नोव्हेंबरात पाच-सहावर येतो. पट तपासायला कोणी डिसेंबरात आलं, तर आमची वाडी त्यांना ओसाडच दिसणार.

इथं तीन गोष्टी मी पाळते. पहिली, नाव कापायचं नाही. पोर स्थलांतरित झालं एवढीच नोंद करायची. ट्रॅकरवर तशी सोय आहे, आणि तिकडच्या अंगणवाडीत त्यावरून आहार मिळू शकतो. आईला निघण्याआधी एका कागदावर पोराचं नाव, जन्मतारीख, शेवटचं वजन आणि झालेल्या लसी लिहून देते. कारखान्याजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, मोबाइल बंद पडतो, कागद पिशवीत राहतो.

दुसरी, आजीला धरायचं. आजी वाडीत राहणार असेल, तर चार वर्षांचं पोर तिच्याजवळ ठेवता येतं. आजीची अडचण एकच असते. "दिवसभर मी शेरडामागं जाऊ का ह्याच्या मागं?" अंगणवाडी रोज वेळेवर उघडली आणि पोर जेवून परत आलं, तर तिचं ओझं हलकं होतं. हिवाळ्यात माझ्याकडची निम्मी पोरं आज्यांनी पाठवलेली असतात.

तिसरी, टोळी परत आली की पहिल्या आठवड्यात वजन, उंची आणि दंडाचा घेर. फडातून आलेलं पोर उन्हानं काळवंडलेलं आणि केस भुरकटलेले असतात. लोक म्हणतात, "प्रवासाचं हाय, निघंल." वजनकाटा मात्र खरं सांगतो. मागच्या नोंदीपेक्षा पाऊण किलो कमी भरलेलं पोर मी पाहिलं आहे, सहा महिन्यांनी मोठं होऊनही.

५. पिवळ्या गाडीशी भांडून उपयोग नाही

तालुक्याच्या वाटेवरच्या गावात इंग्रजी माध्यमाची केजी निघाली, आणि सकाळी साडेआठला पिवळी गाडी वाडीत यायला लागली. टाय, बूट, गळ्यात पाण्याची बाटली. ज्यांच्याकडं दोन दुभत्या म्हशी आहेत त्यांनी पोरं तिकडं घातली. आमच्याकडं कुणाची राहिली, ते सांगायला नको.

सुरुवातीला सेविकांच्या बैठकीत या केज्यांविरुद्ध पुष्कळ बोललं जायचं. पण पालकांची मागणी समजून घेतली पाहिजे. त्यांना दिसतं की शिकलेल्यांची पोरं इंग्रजीत शिकतात. त्यात वेडेपणा काय? उलट त्यांचा आपल्याविषयी प्रश्न साधा असतो. "ताई, तिथं नुसती खिचडी खातंय का काही शिकतंय?" याला उत्तर तोंडी देऊन भागत नाही.

म्हणून दिवसाकाठी एक तरी गोष्ट पोराच्या हातून घरी जाईल असं बघते. ठशांचं चित्र, ओवलेल्या बियांची माळ, घडी घातलेली होडी. महिन्यातून एकदा पालकांना बोलावून पोरांकडूनच खेळ करून घेते. चिंचोक्यांचे पाच-पाचचे ढीग लावणारं पोर बघितलं, की बापाला कळतं की ही पाढ्यांची तयारी आहे. रंगांची, फळांची, अवयवांची इंग्रजी नावंही खेळात आणते. आपल्याकडच्या 'आकार' अभ्यासक्रमातले खेळ चांगले आहेत, पण ते पालकांना दिसले पाहिजेत.

आणखी एक गोष्ट कामाला येते, ती वयाची. राज्यात पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तर तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पाच एक धरला आहे, आणि त्यातली पहिली तीन वर्षं अंगणवाडीतही होतात. अडीच वर्षांच्या पोराला गाडीत कोंबून पुढं काही लवकर पदरात पडत नाही, हे जन्मतारखेचं गणित मांडून सांगितलं तर लोक ऐकतात. निदान एक वर्ष तरी पोर आपल्याकडं राहतं.

६. बारा पोरांच्या पातेल्याचं अर्थकारण

तीन ते सहा वर्षांच्या पोराला रोज ठरलेल्या कॅलरी आणि प्रथिनं देणारा ताजा आहार मिळायला हवा. त्यासाठी २०१७ साली माणशी ८ रुपये दर ठरला. मोठ्या गावात साठ पोरं असतील, तर बचत गटाला दिवसाचे ४८० रुपये होतात आणि काहीतरी सुटतं. बारा पोरांचे झाले ९६. त्यात डाळ, तेल, मीठ-मसाला, गॅस आणि शिजवणारीची मजुरी. आलेल्याच पोरांचे पैसे मिळतात, म्हणून ऊसतोडीत तेही निम्म्यावर. असा ठेका घ्यायला कोणता गट उत्साहानं पुढं येईल? आमच्याकडं गट बदलत राहिले, आणि मधल्या काळात आहार बंद पडू नये म्हणून शेजारणींना गळ घालावी लागली.

आहारानं पट वाढतो, हे अर्धं खरं आहे. आहार थांबला की पट नक्की पडतो, पण नुसता आहार असला तर पोर जेवून घरी पळतं. पोरं टिकायची असतील तर जेवण कधी द्यायचं ते जपून ठरवा. फार लवकर दिलं तर खोली रिकामी होते. फार उशिरा दिलं तर आया शेतावर निघताना पोरं बरोबर नेतात. आमच्याकडं गोष्ट आणि गाणी आधी, मग जेवण, आणि जेवणानंतर खेळण्यांची पेटी. पेटी सकाळी उघडली तर जेवणानंतर कुणी थांबत नाही.

७. मदतनीस आली आणि हजेरी वाढली

मिनीत एकटी असताना दिवस कसा जायचा, ते सांगते. खोली झाडायची, हातपंपावरून पाणी आणायचं, पोरं गोळा करायला निघायचं. दोघांना घेऊन तिसऱ्या दारात जावं, तोवर पहिल्या दोघांतला एक परत घरी. गोष्ट रंगात आली की कुणाला तरी 'दोन'ला लागायची. त्याला धुऊन आणेपर्यंत बाकीची पोरं शाळेच्या ओट्यावर. महिन्याची बैठक तालुक्याला असली की कुलूप. गृहभेटीला गेलं की कुलूप. पोर अंगणवाडीपाशी येऊन कुलूप बघून गेलं की दुसऱ्या दिवशी येत नाही. आई म्हणते, "कधी असती, कधी नसती. कशाला पाठवू?"

पुढं मिनींना पूर्ण अंगणवाडीचा दर्जा द्यायचं धोरण आलं, आणि आमच्याकडं मदतनीस लागली. सगळी पोरं तिला मावशी म्हणतात. ती सकाळी वरच्या आळीपासून निघते, प्रत्येक दारात नाव घेऊन हाक मारते, आणि ज्याचं तोंड धुतलेलं नसेल त्याचं तिथंच रांजणापाशी धुते. नाक पुसायला पदर, केसांना फणी कनवटीलाच. एक पोर कडेवर, एकेक बोट दोघांच्या मुठीत, बाकीची मागं. खालच्या आळीत पोचेपर्यंत आठ-नऊ झालेली असतात. मी तेव्हा सतरंजी अंथरून तयार असते. माझं शिकवणं कालच्यासारखंच आहे. हजेरी वाढली ती मावशीच्या चालण्यानं.

म्हणून पट कमी असलेल्या ठिकाणी मदतनिसाची गरज जास्त असते, कमी नव्हे. साठ पोरांच्या गावात पोरं एकमेकांच्या सोबतीनं येतात. दहा पोरं पाच वस्त्यांवर विखुरलेली असतील, तर त्यांना आणायला मोठं माणूसच लागतं.

८. पद भरणं सोपं, टिकवणं अवघड

सेविका आणि मदतनीस स्थानिक हवी, हा नियम चांगला आहे. तालुक्याहून बसनं येणारी बाई सासवांना कधी ओळखणार? पण आता दोन्ही पदांना बारावीची अट आहे. तीनशेच्या वाडीत बारावी झालेल्या, वयात बसणाऱ्या आणि इथंच राहणाऱ्या बायका किती निघतील? बारावी झालेल्या लेकी लग्न होऊन गेल्या. बारावी झालेल्या सुनांचे नवरे बहुतेक पुण्या-संभाजीनगरला, त्याही आज ना उद्या जाणार. जी वर्षानुवर्षं इथं आहे, पोरांना जिचा लळा आहे, ती सातवीत शाळा सुटलेली. जागा निघते, अर्ज येत नाही, आणि पद रिकामं राहतं. मग शेजारच्या सेविकेकडं अतिरिक्त कार्यभार. म्हणजे दोन अंगणवाड्या अर्ध्या-अर्ध्या उघड्या.

पैशाचंही बघा. ऑक्टोबर २०२४ च्या वाढीनंतर सेविकेचं मानधन १३,००० आणि मदतनिसाचं ७,५०० झालं. मदतनिसाला त्यातून घर चालवायचं असतं. ऊसतोडीची उचल त्याहून मोठी वाटते, म्हणून हातची मदतनीस गेल्याची उदाहरणं बीटमध्ये आहेत. तिला टिकवायचं तर सेविकेनं तिला झाडूवाली समजू नये. रोज एक गाणं, एक खेळ तिनं घ्यावा. पालकांच्या बैठकीत तिलाही खुर्ची द्यावी. पुढं सेविकेची जागा निघाली, तर पात्र मदतनिसाला तिथं जाता येतं. ते तिला आजच सांगून ठेवावं, आणि ती जुन्या अटीवर लागलेली असेल तर बारावीचा फॉर्म भरायला लावावा.

९. जी वस्ती येत नाही, तिथं आपण जायचं

वाडीपासून पलीकडं ओढ्याच्या काठी दहा-बारा घरं आहेत. पावसाळ्यात ओढा भरतो, हे एक कारण. दुसरं कारण लोक तोंडानं सांगत नाहीत. कोण कुणाच्या हातचं खातं आणि कुणाचं पोर कुणाशेजारी बसतं, हे वाडीत अजून बघितलं जातं. तिथली पोरं पटावर होती आणि हजेरीत नव्हती.

१९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यासमोर हीच अडचण होती. बालवाडी काढली, पण वस्तीतली पोरं येईनात. तेव्हा त्या बालवाडीच वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. पुढं कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. प्रशिक्षणात ही माहिती ऐकली, तेव्हा परीक्षेपुरती वाटली होती. मावशी आल्यावर मला ती करून बघता आली. आठवड्यातले दोन दिवस मी सतरंजी आणि खेळण्यांची पेटी घेऊन ओढ्यापलीकडं बसायला लागले, आणि मावशीनं खोली सांभाळली. काही दिवसांनी तिकडच्या आयाच म्हणाल्या, "आता पोरं तिकडंच धाडतो, तुमची दमछाक नको." वरच्या आळीतल्या दोघींनी कुरकुर केली. एका पंगतीला बसायचं की नाही, हे विचारायचा पर्याय मी ठेवला नाही. सतरंजी एक, पंगत एक. दोघींपैकी एकीनं पोर काढून केजीत घातलं. ते नुकसान मी हिशेबात धरते.

१०. सेविका बाहेर असली की पट गळतो

गावपातळीवर कुठलंही काम निघालं की सेविका आठवते. सर्वेक्षण, मतदार यादी, शिबिरं. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजना आली, तेव्हा अर्ज भरायला वाडीतल्या बायका सकाळपासून अंगणवाडीच्या दारात. अर्जामागं ५० रुपये जाहीर झाले होते. त्या दिवसांत पोरं कोपऱ्यात बसून होती. नंतर आपणहून यायची थांबली. काम नाकारता येत नाही, पण वेळ ठरवता येते. मी आता दारावर पाटी लावते. पोरं जेवून घरी गेल्यावरच कागद.

संपाबद्दलही बोललं पाहिजे. ४ डिसेंबर २०२३ ला राज्यभर संप सुरू झाला आणि तो जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालला. मागण्या रास्त होत्या. आम्हाला ग्रॅच्युइटी लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावं लागलं होतं. तरी संपात मोर्चाला जाताना मनात पट होता. परत येऊन दार उघडलं तेव्हा काही पोरं गाडीत बसून जायला लागलेली होती. त्यांच्यातलं एकच परत आलं. हक्कासाठी भांडताना ही किंमत पडते, आणि ती पोरांच्या वाट्याला जास्त येते. दोन्ही गोष्टी मी नव्या सेविकांना सांगते, एक लपवून दुसरी नाही.

११. मागणी तोंडी करायची नाही

मदतनीस हवी, खोली गळते, वजनकाटा चुकीचं दाखवतो, हे बैठकीत बोललं की "बघू" मिळतं. कागद दिला की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. माझा कागद असा असतो. सहा वर्षांखालच्या प्रत्येक पोराचं नाव, जन्मतारीख, घर कोणत्या वस्तीवर आणि अंगणवाडीपासून किती लांब. त्याखाली मागच्या तीन वर्षांचे जन्म. ऊसतोडीआधीची हजेरी आणि नंतरची हजेरी वेगळी. सोबत ग्रामसभेचा ठराव, त्यावर आयांच्या सह्या, अंगठे असतील तर अंगठे. एक प्रत ग्रामपंचायतीला, एक प्रकल्प कार्यालयाला, एक आपल्याकडं.

मदतनिसाच्या जागेसाठी आम्ही असाच कागद दिला होता. तो एकदा टेबलाखाली गेला. दुसऱ्यांदा दिला तेव्हा पहिल्या कागदाची पोच सोबत जोडली, आणि वाडीतल्या चार आज्या बरोबर नेल्या. साहेबांनी फाइल मागवली. नव्या सेविकेला माझं सांगणं एवढंच आहे. यादीत आकडा लिहू नका, नावं लिहा. आणि शिक्का-तारीख मारलेली पोच हातात पडल्याशिवाय कचेरीतून उठू नका.